मज्जापेशींतील हात

विहिरीचें पाणी वारंवार उकळलें म्हणजे भांड्याच्या तळाशीं पांढरा चिवट थर बसतो. तो खरवडतांना घरोघरीं त्या पाण्यास नांवें ठेवण्यांत येतात. परंतु ज्या चुन्याचा हा थर, त्यांतील कॅल्शियम शरीरांत नसेल तर नांवें ठेवण्यापुरती जीभही हलावयाची नाहीं. मनुष्यास ही गोष्ट कळूं लागली ती एका चुकीमुळें.

लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत सिडनी रिंगर हे वैद्यकाचे अध्यापक होते. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून तें निरनिराळ्या क्षारांच्या द्रवांत कसें धडधडतें हें ते पाहत असत. १८८२ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्धही केले. मागाहून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, द्रवासाठीं वापरलेलें पाणी ऊर्ध्वपातित नसून न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचें होतें! ऊर्ध्वपातित पाणी घेऊन पाहतात तों हृदय मंदावून थांबूं लागलें; चुन्याचा अल्प अंश मिळतांच तें पुनः चालूं लागलें. १८८३ सालीं रिंगर यांनीं ही चूक स्वतः होऊन छापली. छापून गेलेलें मत सुधारणें विद्वानांस किती जड जातें हें मासिकें वाचणारांस आम्हीं सांगावयास नको. म्हणूनच त्या कबुलीचें मोल आम्हांस शोधाहून कमी वाटत नाहीं.

पुढें १८९४ सालीं लॉक यांना आढळलें कीं, कॅल्शियम नसेल तर मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत पोंचत नाहीं. असें कां, हें बर्नार्ड कॅट्झ व रिकार्डो मिलेडी यांच्या १९६७ च्या सुमारच्या प्रयोगांनीं उलगडलें. विजेची लहर तंतूच्या टोकाशीं येते त्या क्षणीं तेथें कॅल्शियम असावें लागतें. तें आंत शिरलें म्हणजे टोकांतील सूक्ष्म पिशव्या फुटून संदेशद्रव्य बाहेर पडतें. पण कॅल्शियम आलें, हें आंत ओळखतें कोण?

उत्तराचा पहिला आकार दिसला तो मज्जेंत नव्हे, माशाच्या मांसांत. व्हर्जिनियांत क्रेट्सिंजर व नॉकोल्ड्स यांनीं १९७३ सालीं कार्प माशाच्या एका प्रथिनाची रचना क्षकिरणांनीं उकलली. उजव्या हाताची तर्जनी व अंगठा पसरून मधलें बोट मिटावें, तशी ती होती. पसरलेलीं दोन बोटें म्हणजे प्रथिनाचीं मळसूत्री वळणें, आणि मिटलेल्या बोटाच्या कवेंत, बारा अमिनो आम्लांच्या वळशांत, कॅल्शियमचा एक कण. प्रथिनशास्त्रांत इतकी सहज डोळ्यांपुढें उभी राहणारी उपमा क्वचितच सांपडेल.

मेंदूंत विपुल असणारें कॅल्मोड्युलिन चेउंग आणि काकिउची यांना १९७० सालीं स्वतंत्रपणें गवसलें होतें. त्यांतही असेच चार हात निघाले. १९८५ सालीं बाबू, बग, कुक प्रभृतींनीं त्याचें चित्र दिलें, तें व्यायामशाळेंतील डंबेलसारखें: दोन टोकें, प्रत्येकांत दोन हात. तेव्हां संदेशद्रव्य सोडविणारें प्रथिनही कॅल्मोड्युलिनच असावें, असा तर्क कांहींनीं केला होता. मोहक उपमेची ही भुरळच म्हणावयाची.

वस्तुस्थिति निराळी निघाली. थॉमस झ्यूडहोफ यांच्या मंडळीनें १९९० सालीं सिनॅप्टोटॅग्मिनची घडण वाचली. त्यांत हात मुळींच नव्हता. १९९५ सालीं त्याच्या एका भागाची रचना दिसली: आठ पट्ट्या एकमेकींवर रचलेल्या, व टोकाशीं सैल वळशांचा खळगा, कॅल्शियम बसतें तें तेथें. तें बसल्यानें प्रथिनाचा आकार फारसा पालटत नाहीं. पालटतो तो विद्युद्भार, आणि त्यामुळें तें ऋणभारित पेशीपटलास बिलगतें. हें प्रथिन नसलेल्या उंदरांत संदेशद्रव्य तत्काळ सुटण्याची क्रिया जवळजवळ नाहींशी झाल्याचें १९९४ सालींच दिसलें होतें. झ्यूडहोफ यांना २०१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या कामाचा वांटा मोठा.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाहीं. कॅल्मोड्युलिनमधील बिघाडानें हृदयाची लय बिघडून अकालीं मृत्यु येतो, हें २०१२ सालीं उघड झालें. रिंगर यांचें हृदय येथें पुनः भेटतें. आणि २०१५ सालीं एका बालकाचें वृत्त प्रसिद्ध झालें. त्याचीं अंगें आपोआप हालत, चालणें व बुद्धीची वाढ दोन्ही खुंटलेलीं. सिनॅप्टोटॅग्मिनच्या त्याच कॅल्शियमच्या खळग्यापाशीं त्याच्यांत एक अमिनो आम्ल बदललेलें होतें.