झांज हळू का वाजत नाही?

ड्रमसेट शिकणाऱ्यांच्या वर्गात एक तक्रार हमखास ऐकू येते : ढोल ऐकूच येत नाहीत, सगळीकडे झांजाच झांजा! हात आखडता घेतला की ढोल लगेच नमतो. झांज तितकी सहज नमत नाही. असे का होते हे समजून घ्यायचे तर थोडे धातूकडे आणि थोडे इतिहासाकडे पाहावे लागते.

मुळात हे वाद्य हळू वाजण्यासाठी घडवलेलेच नव्हते. ऑटोमन तुर्कांच्या लष्करी वाद्यवृंदात मोठे ढोल, नगारे आणि सनईसारख्या वाद्यांच्या जोडीला झांजा असत. उघड्या मैदानावर, घोड्यांच्या टापा आणि आरडाओरडा यांच्या वर त्यांचा आवाज पोचायला हवा होता. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, अवेडिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने १६२३ साली झांजांचा स्वतःचा कारखाना काढला. त्याच्या घराण्याला झिल्जियान हे नाव मिळाले. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ म्हणजे ती घडवणारा आणि ‘यान’ हा आर्मेनियन आडनावांचा शेवट. आपल्याकडचे तांबट किंवा कासार, तसेच हे. अशा झांजांचे कांसे साधारण ८० भाग तांबे आणि २० भाग कथील मिसळून होते. इतके कथील असले की धातू खणखणीत वाजतो, पण थंड असताना ठिसूळही असतो. म्हणून तो तापवून लाटायचा आणि मग हातोडीने ठोकत घडवायचा.

हातोडीची गोष्ट निघालीच आहे, तर एक आठवण सांगायला हवी. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतील आजारांवर पुस्तक लिहिले. व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबे ठोकून ठोकून म्हातारपणी बहिरे होतात, अशी नोंद त्यात आहे. धातूचा आवाज कानाला इजा करतो हे इतके जुने ज्ञान आहे.

पुढे हे लष्करी वाद्य युरोपच्या नाट्यगृहांत शिरले. मोत्सार्टने १७८२ च्या तुर्की कथानकाच्या संगीतिकेत झांजा वापरल्या, आणि १७९४ साली लंडनमध्ये वाजलेल्या हायडनच्या सिंफनीला तर ‘लष्करी’ हेच नाव पडले. आता आवाज चार भिंतींच्या आत होता. १८३० साली बेर्लिओझने आपल्या ‘सिंफनी फान्तास्तिक’मध्ये एका जागी झांज स्पंज लावलेल्या काठीने वाजवायला सांगितली. झांज मऊ करण्याचा हा साधा आणि शहाणा उपाय होता.

स्पंजने नेमके काय होते? मऊ टोक पत्र्याला जास्त वेळ चिकटून राहते. त्या अवधीपेक्षा जलद कंपने अशा आघातातून फारशी निर्माण होत नाहीत. शाळेच्या लेझीम पथकातली एखादी झांज दोरीने लटकवा आणि पेन्सिलीच्या आधी रबराच्या, मग लाकडाच्या टोकाने वाजवा. फरक वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत कळेल.

पण खरी गंमत जोराच्या फटक्यात आहे. पत्रा थोडासाच वाकतो तोवर त्यातली निरनिराळी कंपने आपापल्या वारंवारतेने चालतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. जोरात मारले की पत्रा वाकतो आणि ताणलाही जातो. मग कंपने एकमेकांत गुंततात आणि संथ कंपनांतली ऊर्जा जलद कंपनांकडे वाहू लागते. मोठ्या झांजेवर फटका बसल्यानंतर साधारण एक दशांश सेकंदात ३,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला झगझगीत आवाज वरचढ होतो तो यामुळे. म्हणजे जोर थोडा वाढवला की आवाज मोठा तर होतोच, शिवाय तो अधिक तीक्ष्णही होतो.

आणि तीक्ष्ण तरी कुठे? आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून आतल्या टोकाला पडद्याने बंद आहे. अशा नळीत जो ध्वनी सर्वाधिक घुमतो त्याची तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता येते ३,४०० हर्ट्झ! झांजेची ऊर्जा जाऊन पडते ती नेमकी कानाच्या सर्वांत हळव्या जागी. ढोलाच्या बाबतीत असे होत नाही, त्याचा बराचसा आवाज याच्या खूप खालच्या पट्ट्यात असतो.

वाद्यवृंदात झांज अधूनमधून वाजे, म्हणून हे खपून गेले. अमेरिकेत जॅझ वादकांनी ढोल आणि झांजा एकाच माणसाच्या हातापायांखाली आणल्या, आणि १९४० च्या सुमारास केनी क्लार्कसारख्या वादकांनी ठेका मोठ्या ढोलावरून झांजेवर नेला. आता झांज अखंड वाजू लागली. त्यामुळे उपायही वाढले. पातळ झांजा आल्या, १९६० च्या दशकात मधला फुगवटाच नसलेली सपाट झांज आली. तिच्यात एकावर एक फटके बसले तरी आवाज साचत नाही. सर्वांत टोकाचा उपाय पीटर गेब्रिएल या इंग्रज गायकाचा. १९८० साली निघालेल्या तबकडीसाठी त्याने ड्रमवादकांना झांजांना हातच लावू दिला नाही. ढोल त्यात कमालीचे भरदार वाजतात, हे मान्य करायला हवे.

घरात सराव करणारे चिकटपट्टी लावतात. पत्र्याची ऊर्जा पट्टीच्या चिकट थरात उष्णतेच्या रूपाने जिरते, पण त्यासोबत झांजेची लकाकीही जाते. अलीकडच्या काळातल्या सरावाच्या झांजांना तर शेकडो भोके असतात. पत्रा पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. भोकांतून ही हवा इकडची तिकडे जाते आणि दाबातला फरक बराच मिटतो. पत्रा कंप पावतो, पण हवेला पुरेसे ढकलू शकत नाही.

जाहिरातीत ‘आवाज ८० टक्के कमी’ असे वाचले तर मात्र विद्यार्थ्यांना विचारायला लावा : कशाचे ८० टक्के? ध्वनीची ऊर्जा एक पंचमांश झाली तर घट ७ डेसिबेलची, दाब एक पंचमांश झाला तर १४ डेसिबेलची. दोन्हींत मोठा फरक आहे.

हा फरक कागदावरचा नाही. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल, पण पुढच्या प्रत्येक ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. १०० डेसिबेलला उरतात १५ मिनिटे, आणि जोरात वाजणाऱ्या ड्रमसेटजवळ १०० सहज ओलांडले जातात. स्पंजाचे बोळे कानात घातले तर वरच्या वारंवारता जास्त कापल्या जातात आणि झांज पत्र्याच्या डब्यासारखी वाटते. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्या वारंवारता जवळपास सारख्याच, सुमारे १५ डेसिबेलने कमी करणारी बुचे निघाली. ती घातली की कानापाशी १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला अर्थात त्याचा काही उपयोग नाही.