संगणक कधी चुकतो का?

इंग्लंडात पुष्कळ पोस्ट ऑफिसं कोपऱ्यावरच्या दुकानातच असतात. सरकारी मालकीच्या पोस्टाने १९९९ पासून तिथे फुजित्सूची 'होरायझन' प्रणाली बसवली. तिच्या चुकांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसे. खिशातून भरा, नाहीतर खटला! तपास पोस्टाचा आणि बहुतेक खटलेही पोस्टाचेच. ९०० हून अधिक जण दोषी ठरले. सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या.

यंत्र नीट चालत होतं हे आधी दाखवा, अशी अट १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ मध्ये संसदेने तीच काढून टाकली. (पीएच.डी.च्या काळात माझ्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधत किती रात्री जागलो!) २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनचे दोष मान्य केले. शेकडो जणांचं दोषित्व मात्र २०२४ मध्ये, खास कायदा करून पुसावं लागलं. तोवर काही जण वारले होते.