धोरणज्ञ उमेदवार आणि दुसरी पसंती : १९६९ ची राष्ट्रपती निवडणूक

१/ २० ऑगस्ट १९६९. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी. पहिल्या पसंतीची मोजणी संपली तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांच्या पारड्यात ४,०१,५१५ मतमूल्य होते. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ वर होते. निकाल लागला नव्हता. तो ठरणार होता तिसऱ्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवरून. तो उमेदवार मराठी होता : चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

२/ निवडणुकांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. कारभाराची सखोल जाण असलेला, पण निवडून येण्याची शक्यता नसलेला उमेदवार समोर असेल, तर मतदाराने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांत, म्हणजे ‘प्रायमरी’त, दर चार वर्षांनी विचारला जातो. भारतात तो सर्वाधिक टोकदारपणे १९६९ मध्ये विचारला गेला.

३/ आधी देशमुखांची ओळख. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते या गावी. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे शिक्षण. १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पुन्हा पहिले. त्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात प्रदीर्घ सनदी सेवा.

४/ १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला, तिथे ते भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर चलन आणि रोकड शिलकीच्या वाटणीचा गुंता याच काळात हाताळावा लागला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

५/ १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळातील. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. एल.आय.सी.चा उगम तिथे आहे.

६/ मराठवाड्याच्या वाचकांसाठी एक स्थानिक संदर्भ. निजामाच्या राज्यात ‘हाली सिक्का’ हे स्वतंत्र चलन होते. ७ हाली रुपये म्हणजे ६ भारतीय, म्हणजेच ‘कलदार’ रुपये, असा दर होता. औरंगाबादच्या बाजारपेठेत हाली मागे पडून कलदारचा व्यवहार रुळला तो पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी. त्या वेळी देशाची तिजोरी देशमुखांच्या हाती होती.

७/ जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. शहरात उद्रेक झाला, गोळीबार झाला, माणसे मारली गेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेतील निवेदनात त्यांनी आपली कारणे मांडली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. भाषिक अस्मितेइतकाच तो कार्यपद्धतीचा मुद्दा होता, हे ध्यानात घ्यावे.

८/ त्याच वर्षी १ नोव्हेंबरला औरंगाबादसह मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. देशमुख मात्र सत्तेच्या राजकारणात परतले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९५९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९६२-६७) असा त्यांचा पुढील मार्ग होता.

९/ ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. नवा राष्ट्रपती कोण, हा प्रश्न काँग्रेसमधील दोन गटांच्या संघर्षात सापडला : एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील, मोरारजी देसाई हे ज्येष्ठ नेते, अर्थात ‘सिंडिकेट’.

१०/ जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेस संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिराजींना जगजीवनराम हवे होते. मंडळाने बहुमताने संजीव रेड्डी यांना निवडले. रेड्डींच्या बाजूने गेलेल्यांत महाराष्ट्राचे दोन नेते होते : स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. भारतातील ‘प्रायमरी’ ही अशी होती. एक खोली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मतदार आणि चर्चेचा विषय एकच, माणूस कोणाचा.

११/ तुलनेसाठी अमेरिका पाहू. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता मिळाली. शिकागोच्या अधिवेशनात प्रचंड गोंधळ झाला. म्हणून १९६९ मध्येच जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या नेतृत्वाखाली एक आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशींमुळे १९७२ पासून उमेदवारीचा निर्णय पक्षनेत्यांकडून सामान्य मतदाराकडे सरकला. एकाच वर्षी दोन लोकशाह्या एकाच दुखण्याशी झगडत होत्या. उपाय मात्र वेगळे निघाले.

१२/ बंगळूरनंतर घटना वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि त्यावर स्वाक्षरी होती हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. डावे पक्ष, द्रमुक आणि अकाली दल त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१३/ जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी देशमुखांना उमेदवारी दिली. यात एक विसंगती होती. स्वतंत्र पक्ष सरकारीकरणाचा कट्टर विरोधक, आणि त्याचा उमेदवार मात्र स्टेट बँक व आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आणणारा अर्थमंत्री. उलट, बँक राष्ट्रीयीकरणाचे प्रतीक ठरलेले गिरी हे कामगार चळवळीतून आलेले नेते होते. बँकिंगचा प्रत्यक्ष कारभार तिघांपैकी ज्याने चालवला होता, तो बँकांच्या प्रश्नावर पेटलेल्या या निवडणुकीत कडेला उभा होता.

१४/ मतदार कोण होते? खासदार आणि आमदार. एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९६१ च्या लोकसंख्येला आमदारसंख्येने आणि मग १,००० ने भागून ठरत असे. महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, आमदार २७०. म्हणून मूल्य १४६. औरंगाबादच्या गुलमंडीवरील व्यापारी किंवा पैठणचा विणकर या निवडणुकीत होता, तो त्या १४६ मधील एक अंश म्हणून.

१५/ मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही. म्हणजे प्रत्येक आमदार खरोखर विचार करू शकत होता. त्याच्यासमोरील प्रश्न असे मांडता येतात. सर्वांत योग्य कोण? निवडून कोण येऊ शकतो? आणि योग्य माणसाला मत दिल्याने नको असलेला माणूस निवडून येणार नाही ना?

१६/ देशमुखांच्या विरोधातील युक्तिवादही दुबळा नव्हता. राष्ट्रपती धोरण आखत नाही. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. मग अर्थशास्त्राचे पांडित्य तिथे काय कामाचे? शिवाय १९६७ मध्ये काँग्रेसचे लोकसभेतील बळ ५२० पैकी २८३ इतके खाली आले होते. उद्या कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे, हे राष्ट्रपती ठरवणार. अशा वेळी प्रत्येक गटाला विद्वान नव्हे, भरवशाचा माणूस हवा होता.

१७/ याचे उत्तरही त्याच मुद्द्यात होते. सभागृह त्रिशंकू झाले, तर राष्ट्रपती कोणाचाच नसणे हेच हिताचे. अर्थमंत्रिपद कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर सोडणाऱ्या माणसाहून त्यासाठी अधिक योग्य कोण? पण देशमुखांची उमेदवारी ज्या दोन पक्षांनी पुढे केली, त्यांच्यामुळेच ती निःपक्ष वाटेनाशी झाली. व्यक्ती पक्षातीत होती, पाठिंबा नव्हता.

१८/ मग निर्णायक चूक झाली, आणि ती काँग्रेस अध्यक्षांची. रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. इंदिरा गटाने हाच मुद्दा उचलला : काँग्रेसचा अधिकृत उमेदवार उजव्या पक्षांच्या आधाराने निवडून आणायचा काय? आणि मतदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन झाले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिराजींचीच सूचक म्हणून स्वाक्षरी होती, हे विशेष.

१९/ आता आकडे. १६ ऑगस्टला मतदान झाले. वैध मतमूल्य ८,३६,३३७. देशमुखांना पहिल्या पसंतीचे १,१२,७६९, म्हणजे सुमारे साडेतेरा टक्के. इतर सर्व उमेदवारांचे मिळून ८,५०५. त्यांत आणखी एक मराठी नाव होते : शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एकेकाळचे नेते पां. ना. राजभोज, त्यांना ८३१.

२०/ दुसऱ्या पसंतीनंतर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे गिरींना १८,५६२ ची भर पडली, रेड्डींना ९१,८७९ ची. हे गणित नीट पाहावे. इतर उमेदवारांची सर्वच्या सर्व ८,५०५ मते गिरींकडे गेली असे धरले, तरी किमान १०,०५७ मतमूल्य देशमुखांच्या मतदारांकडून गिरींना मिळाले.

२१/ याउलट देशमुखांच्या प्रत्येक मतदाराने दुसरी पसंती रेड्डींना दिली असती, तर रेड्डींची बेरीज ४,२६,३१७ झाली असती. कोट्याहून ८,१४८ ने अधिक. राष्ट्रपती रेड्डी झाले असते. देशमुखांच्या मोजक्या मतदारांनी पक्षनेत्यांचा हिशेब मानला नाही. काहींनी गिरींना पसंती दिली, काहींच्या मतपत्रिका पुढे कोणाच्याच खात्यात गेल्या नाहीत. तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत ‘वाया’ जाते, या समजुतीला यासारखे दुसरे उत्तर क्वचितच मिळेल.

२२/ परिणाम सर्वज्ञात आहेत. २४ ऑगस्टला गिरींचा शपथविधी झाला. १२ नोव्हेंबरला इंदिराजींची पक्षातून हकालपट्टी झाली आणि काँग्रेस दुभंगली. बंगळूरला रेड्डींच्या बाजूने गेलेले यशवंतराव फुटीच्या वेळी इंदिराजींसोबत राहिले. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

२३/ औरंगाबादपर्यंत या निवडणुकीची लाट पोहोचली ती वेगळ्या वाटेने. राष्ट्रीयीकृत १४ बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. १९६९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना आणली, एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवली, आणि औरंगाबाद जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे आला. जालना तेव्हा याच जिल्ह्यात होते. राष्ट्रपती कोण हे गावाने ठरवले नव्हते, पण गावात बँकेची शाखा येणे हा प्रत्यक्ष अनुभव होता. धोरण म्हणजे काय, हे लोकांना असे कळते.

२४/ देशमुखांनी त्यानंतर निवडणूक लढवली नाही. १९७४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले, २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते निवर्तले. शालेय पुस्तकांत ते १९५६ च्या राजीनाम्यापुरते उरतात, १९६९ ची त्यांची उमेदवारी बहुतेकांना ठाऊकही नसते.

२५/ १९६९ चा धडा ‘विद्वानांना मते मिळत नाहीत’ इतका सोपा नाही. साडेतेरा टक्के मतमूल्य त्यांना मिळाले होते. धडा असा की, धोरणाची चर्चा मतदानाच्या दिवशी सुरू करून भागत नाही. ती उमेदवार ठरवताना व्हावी लागते. बंगळूरच्या त्या खोलीत ती झाली नाही. पुढे आलेल्या मतदारांकडे मग व्यक्ती, गट आणि पसंतीक्रमाचे अंकगणित एवढेच उरले. ज्या निवडणुकीत उमेदवार बंद दाराआड ठरतात, तिथे हा हिशेब आजही तसाच आहे.

(धागा समाप्त)