परदेशातून सेकंडहँड कॅमेरा आणायचाय? दुकानातला भाव आणि वाशीमला पोहोचेपर्यंतचा भाव

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. जिल्ह्यातल्या या सहाही तालुक्यांत लग्नाच्या ऑर्डरवर घर चालवणारे फोटोग्राफर आहेत. कुणी पोहरादेवीची यात्रा टिपतं, कुणी कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याबाहेर पहाटे लेन्स लावून बसतं, पण पोट भरतं ते लग्नसराईवरच. फुल फ्रेम बॉडी आणि दोन बऱ्या लेन्स नव्या घ्यायच्या म्हटलं, तर खर्च काही लाखांत जातो. त्यामुळे जुन्या मालाकडे नजर जाणं साहजिक आहे.

त्यात मोबाईलवर रील येते. टोकियोतलं एखादं दुकान, काचेमागे रांगेने मांडलेले कॅमेरे आणि भारतापेक्षा कितीतरी कमी भाव. घरातलं कुणी दुबईला कामाला असतं, कुणाचा मित्र कंपनीच्या कामाने जपानला निघालेला असतं. "येताना एक कॅमेरा घेऊन ये ना" एवढंच सांगायचं बाकी राहतं.

थोडक्यात उत्तर असं : लेन्स आणायला हरकत नाही, बॉडी फार बघून आणावी आणि ड्रोन अजिबात आणू नये. आता कारणं.

जपानचंच नाव का निघतं?

कॅमेऱ्यासाठी परदेश गाठण्याची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून, आणि तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना कुणाला भेटायचं, काय घ्यायचं हे सांगितलं. तिथला जाणकार माणूस गाठणं हा सल्ला आजही तितकाच कामाचा आहे.

आज लंडनऐवजी टोकियोचं नाव निघतं. शिंजुकूतलं मॅप कॅमेरा, नाकानोतलं फुजिया कॅमेरा ही जुन्या मालाची नावाजलेली दुकानं. जपानमध्ये जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९४९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि वस्तू विकायला आलेल्या माणसाची ओळख दुकानदाराला तपासावी लागते. त्यामुळे चोरीचा माल हाती येण्याची भीती बरीच कमी होते. वस्तूची अवस्था सांगणारी ए, एबी, बी अशी श्रेणी चिठ्ठीवर असते आणि लेन्सच्या काचेत बारीक धूळ असली तरी ती लिहिलेली असते. 'जंक' असं लिहिलेल्या टोपलीतला माल मात्र चालेल याची कुणीच हमी देत नाही.

वर पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ होऊ शकतो. त्यासाठी करमाफीची परवानगी असलेलं दुकान, किमान ५,००० येनची खरेदी आणि अल्प मुदतीच्या प्रवेशाचा शिक्का असलेला पासपोर्ट लागतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलणार आहे : आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा. सिंगापूरला पेनिन्सुला शॉपिंग सेंटर, हाँगकाँगला मोंगकॉकचं सिम सिटी इथेही जुने कॅमेरे मिळतात. हाँगकाँगमध्ये विक्रीकरच नाही, त्यामुळे परताव्याची भानगडही नाही.

चिठ्ठीवर न लिहिलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट भाषा. सोनीने जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या बहुतांश कॅमेऱ्यांचा मेनू फक्त जपानीत असतो आणि तो नेहमीच्या मार्गाने बदलत नाही. मंडपात मंगलाष्टकं सुरू असताना जपानी मेनूत सेटिंग शोधत बसणं कुणालाही परवडणारं नाही, आणि असा कॅमेरा पुढे विकायला काढला तर गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. म्हणून काउंटरवरच मेनू उघडून भाषेचा पर्याय डोळ्यांनी बघावा.

दुसरी गोष्ट वीज. कॅमेऱ्याचे चार्जर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण स्टुडिओतले थेट प्लगवर चालणारे फ्लॅश तसे असतीलच असं नाही. जपानमधला फक्त १०० व्होल्टचा फ्लॅश आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला लावला की जळालाच समजा. व्हिडिओ काढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ किंवा ५० फ्रेमवर शूट केलेलं फुटेज लुकलुकत नाही. कॅमेऱ्यात पाल पद्धतीचा हा पर्याय आहे का, ते तपासावं.

तिसरी गोष्ट जुन्या निकॉन लेन्सची. एएफ-डी प्रकारच्या लेन्स स्वस्तात दिसतात आणि काच उत्तम असते. पण त्यांच्यात फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती नाही, आणि झेड मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टर लावूनही या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननची गोष्ट वेगळी. जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर व्यवस्थित फोकस करतात, म्हणून आज बाहेरून आणायला त्या सगळ्यात फायद्याच्या.

काउंटरवरची दहा मिनिटं

लेन्सच्या मागून मोबाईलची टॉर्च लावून पुढून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. सिंगापूर, बँकॉकसारख्या दमट शहरांतला माल घेताना ही तपासणी चुकवू नये. नाही तर आपल्या पावसाळ्यात ती बुरशी वाढते, आणि घरात त्या शेजारी ठेवलेल्या चांगल्या लेन्सलाही धोका असतो.

बॉडी घेताना शटर किती वेळा उघडझाप झालंय ते बघायचं. कॅनन ५डी मार्क ४ चं शटर १,५०,००० क्लिकसाठी तपासलेलं आहे, तर निकॉन डी८५० आणि सोनी ए७-३ चं २,००,००० साठी. हा आकडा गाडीच्या किलोमीटरसारखा आहे : त्या पुढेही शटर चालू शकतं, आधीही बसू शकतं. निकॉनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, त्यामुळे १,२०,००० क्लिक झालेली बॉडी स्वस्त मिळाली तरी पुढच्या एक-दोन सीझनचीच पाहुणी असू शकते. आणि शटर बसलं की वाशीमहून नागपूर किंवा पुण्या-मुंबईची फेरी आणि ऐन तिथींत कॅमेरा हातात नाही. बॉडीबद्दल हात आखडता घ्यावा तो यासाठीच.

एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला की सेन्सरवरची धूळ कळते. झाकण लावून काही सेकंदांचं एक्सपोजर दिलं की जळालेले पिक्सेल चमकतात. फुगलेली बॅटरी असेल तर ती घेऊच नये. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

कस्टम्सचा हिशेब

'जुना आहे, त्याला कुठे ड्यूटी लागते' हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. परदेशात विकत घेतलेला कॅमेरा जुना असला तरी त्याची किंमत धरली जाते. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून इतर देशांतून परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर सूट होती. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के.

त्या मर्यादेने आणि दराने गणित मांडून बघा. बिल १,२०,००० रुपयांचं असेल तर ७०,००० रुपयांवर ३८.५ टक्के, म्हणजे २६,९५० रुपये. कार्डाने पैसे दिले असतील तर परकीय चलनाचं बँकेचं शुल्क वेगळं. वस्तू १,५०,००० च्या आसपास जाते आणि त्या भावात मुंबईच्या बोराबाजारात किंवा पुण्यात हातात घेऊन, घासाघीस करून माल मिळत असेल, तर टोकियोची बचत कागदावरच राहते. याउलट ३५-४० हजारांची लेन्स सूटच्या मर्यादेत बसते. ही मर्यादा आणि दर सरकार अधिसूचना काढून बदलतं, म्हणून तिकीट काढल्यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू आकडे बघून घ्यावेत. त्याच मंडळाच्या 'अतिथी' ॲपवर सामान आधीच जाहीर करता येतं.

मर्यादेवरचा माल असेल तर रेड चॅनल धरायचा. दुकानदाराकडून कमी रकमेचं बिल करून घेण्याची युक्ती कामाची नाही, कारण अधिकारी बाजारभाव बघू शकतो आणि मग माल जप्त होऊन दंडही बसू शकतो. नवरा-बायकोच्या दोन सवलती एकत्र करून एकच महाग कॅमेरा २०१६ च्या नियमांत बसत नव्हता. तसंच गावातल्या चार मित्रांसाठी चार सारख्या बॉडी आणल्या तर ते स्वतःचं सामान राहत नाही, तो व्यापार ठरतो.

स्वतःचा कॅमेरा घेऊन बाहेर जाणाऱ्यांनी निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर सिरियल नंबर असतो. ते नसेल तर परतताना आपलाच जुना कॅमेरा आपण तिथे घेतला नाही, हे पटवून द्यावं लागतं. इथलं मूळ बिल मोबाईलमध्ये असलेलं बरं.

ड्रोनचं प्रकरण वेगळंच आहे. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. अपवाद संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेचा, तोही परवानगीने. लग्नाची वरात वरून टिपायला दुबईहून जुना ड्रोन आणला, तर तो ड्यूटी भरूनही सुटत नाही.

स्वतः न जाता नातेवाइकाला सांगायचं असेल तर त्याला आधीच मॉडेलचं अचूक नाव, माउंट आणि पैशाची वरची मर्यादा लिहून पाठवावी. दुकानातून व्हिडिओ कॉल करायला लावावा : मेनूची भाषा, टॉर्चच्या उजेडातली लेन्स आणि बिलावरचा सिरियल नंबर, एवढं दिसल्यावरच पैसे द्यायला सांगावं.