तबकडीवर नसलेलं नाव

७८ फेऱ्यांची जुनी तबकडी हातात घेतली की मधल्या गोल कागदावर बरंच काही वाचता येतं. चित्रपटाचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, गायक किंवा गायिका, संगीत दिग्दर्शक, कंपनीचं चिन्ह, तबकडीचा क्रमांक. संग्राहकाला एवढी माहिती पुरते. सुई टेकवल्यावर मात्र गायकाच्याही आधी जो कानावर येतो, ज्याच्या हातावर पुढची तीन मिनिटं उभी राहतात, त्या ताल धरणाऱ्याचं नाव त्या कागदावर नसतं. रेडिओवरच्या निवेदनातही ते नसे. गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं घेतली की निवेदकाचं कर्तव्य संपे.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. राजे, सनदा, लढाया यांच्या इतिहासाला कागद पुरतात. हातांच्या कामाच्या इतिहासाला ते पुरत नाहीत. हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात अर्धशतक वाजवणाऱ्या तालवादकांचा माग घेताना हे पावलोपावली जाणवतं. या लेखात अशा काही हातांची, त्यांतही केर्सी लॉर्ड यांच्या कारकिर्दीची मांडणी करायची आहे. मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकाशी खानदेशाचा काय संबंध, असं कोणी विचारील. तो संबंध लग्नाच्या वरातीतून येतो.

माझे थोरले मामा धुळ्यात एका बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. लग्नसराईत धुळे, अमळनेर, पारोळा, चोपडा अशी त्यांची फिरती असे. नवं गाणं बसवायचं तर छापील स्वरलिपी कुठली? चहाच्या हॉटेलातला रेडिओ, ओळखीच्या दुकानातला ग्रामोफोन आणि थिएटरातलं पुढचं स्वस्त तिकीट, एवढ्यावर शिक्षण चाले. क्लॅरिनेटवाला चाल उचले, मामा ठेका उचलत. बोंगोचा आवाज साइड ड्रमवर काढायचा तर खालची तार सैल करून कडेजवळ बोटांनी वाजवायचं, ही युक्ती त्यांनी स्वतः शोधली होती. चाल कोणाची ते त्यांना ठाऊक असे. एकदा मात्र त्यांनी मला विचारलं होतं, "चाल चितळकरनी शे, ते समजनं. पन वाजाडनारानं नाव काय शे?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की लॉर्ड घराण्याच्या दारात जावं लागतं.

सी. रामचंद्र यांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यातल्या नाचाच्या गाण्यांतून लॅटिन अमेरिकी ढंगाचा ताल सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पडद्यावर आणि पडद्यामागे गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा जाझ वाद्यवृंद होता आणि बोंगो वाजवत होते कावस लॉर्ड. मुंबईच्या हॉटेलांतून आणि क्लबांतून तेव्हा जाझ वाजत असे. तिथले गोवेकर आणि पारशी वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला येत. बोंगो, कोंगा, मराकस ही वाद्यं हिंदी चित्रपटसंगीतात रुजवण्याचं मोठं श्रेय कावसजींकडे जातं. त्यांचे दोन्ही मुलगे, केर्सी आणि बुजी, याच व्यवसायात आले. बाप आणि दोन मुलगे अशा तिघांच्या हातांतून गेलेल्या गाण्यांची यादी करू म्हटलं तर हा अंक पुरणार नाही.

केर्सी यांचा जन्म १९३५ चा. वडिलांचं बोट धरून ते किशोरवयातच स्टुडिओत आले ते तालवादक म्हणून. ड्रम, बोंगो, कोंगा यांच्याबरोबर व्हायब्राफोन, ग्लॉकेनस्पील, ॲकॉर्डियन, पियानो अशी वाद्यं त्यांच्या हाताखाली येत गेली. 'हम दोनो' (१९६१) मधल्या सिगारेट लायटरची धून आठवून पाहा. जयदेव यांच्या त्या चित्रपटात ती छोटीशी धून कथेचाच एक धागा आहे. ती वाजते ग्लॉकेनस्पीलवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर लहान हातोडीने आघात करून, आणि ते हात केर्सी यांचे. आठ वर्षांनी 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना' मध्ये ॲकॉर्डियन वाजतं तेही त्यांचंच. पहिल्या ठिकाणी निरागस किणकिण आहे, दुसऱ्या ठिकाणी दबलेला, तापलेला श्वास. दोन्ही एकाच माणसाच्या हातचे आहेत हे ऐकणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

अशा बहुवाद्यपणाला त्या काळी एवढी किंमत का होती, हे ध्वनिमुद्रणाची रीत पाहिल्याशिवाय उमगत नाही. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, फेमस अशा स्टुडिओंमध्ये गायक, व्हायोलिनवाले, सतारिये, तालवादक सगळे एकाच वेळी वाजवत. आवाजाचा तोल मायक्रोफोनपासूनच्या अंतरावर साधला जाई. ढोलकीवाल्याला कुठे बसवायचं आणि ड्रमला किती मागे सारायचं, यावर गायकाचा शब्द ऐकू येणं अवलंबून असे. कोणा एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागे. शिवाय तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. अशा वेळी जो वादक गाणं एकदा ऐकून ठेका सुचवील, चुकणार नाही आणि वेळ पडली तर दुसरं वाद्यही उचलील, तो निर्मात्याचा पैसा वाचवत असे.

इथे ठेका 'सुचवील' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, मग ठेका कोणाचा? याचं उत्तर एका मराठी नावात सापडतं. दत्ताराम वाडकर मूळ गोव्याचे, वाढले सावंतवाडीकडे आणि १९४० च्या दशकात मुंबईत आले. पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकले. व्यायामशाळेत शंकर यांच्याशी ओळख झाली आणि शंकर-जयकिशन जोडीच्या तालाची जबाबदारी हळूहळू त्यांच्यावर आली. तालवादकांच्या तालमी तेच घेत. ढोलकीवरचा त्यांचा एक झुलता, चालीला पुढे ढकलणारा बाज इतका ओळखीचा झाला की वादकमंडळीत तो 'दत्तू ठेका' म्हणूनच चालू लागला. पुढे 'अब दिल्ली दूर नहीं' (१९५७) आणि 'परवरिश' (१९५८) यांचं संगीत त्यांनी स्वतंत्रपणे दिलं. 'परवरिश'मधलं मुकेश यांचं 'आँसू भरी हैं' आजही ऐकलं जातं.

'दत्तू ठेका' हे नाव कोणत्याही कागदावर नोंदलेलं नव्हतं. ते वादकांनी आपापसांत दिलं आणि तोंडातोंडी टिकवलं. कागदाने नाकारलेलं कर्तेपण व्यवसायाच्या बोलीने मान्य केलं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

पाश्चात्त्य देशांत 'रेकॉर्ड प्रोड्यूसर' नावाचा माणूस असतो. कोणतं वाद्य कुठे येईल, आवाजाचा पोत कसा असेल, कोणतं टेक ठेवायचं, हे तो ठरवतो. तिकडचे काही तालवादक याच कामाकडे वळले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम एका माणसाकडे नव्हतं. त्याचे तुकडे संगीतकार, सहायक, अरेंजर आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटले गेले होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोवेकर अरेंजर वाद्यवृंदाचे कागद लिहीत. चित्रपटाबाहेर मात्र निर्मात्याची जागा स्पष्ट होती. एच.एम.व्ही.मध्ये जी. एन. जोशी ती सांभाळत. जोशी स्वतः भावगीत गायक, कंपनीत मोठमोठ्या गवयांचं ध्वनिमुद्रण करून घेणारे. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची तबकडी त्यांच्याच निर्मितीतली. त्या तबकडीवर तबला माणिकराव पोपटकरांचा आहे. एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या क्रमाने मांडायचा, ही कल्पना तबकडीच्या माध्यमाचा विचार करणारालाच सुचू शकते.

केर्सी लॉर्ड यांची वाटचाल या विखुरलेल्या तुकड्यांमधून झाली. तालवादक, मग बहुवादक, मग अरेंजर आणि पार्श्वसंगीतातला जाणकार. १९७३ मध्ये त्यांनी परदेशातून मूग सिंथेसायझर आणला. भारतीय चित्रपटसंगीतात हे वाद्य आणणाऱ्या पहिल्यांपैकी ते होते. आजवर कधीच न ऐकलेला आवाज तयार करता येतो, याचं त्यांना वेड होतं. वादकांमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली. एका पेटीतून दहा वाद्यांचे आवाज निघणार असतील तर दहा माणसांनी करायचं काय?

ती भीती निराधार नव्हती. अनेक ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करण्याची सोय आली तेव्हा सर्वांनी एकत्र वाजवण्याची गरज उरली नाही. मग इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि संगणक आले. १९९० च्या दशकात शंभर-शंभर वादकांची दालनं ओस पडत गेली. केर्सी यांनी आपल्या बिरादरीचा घास हिरावला, असा ठपका ठेवणं मला पटत नाही. वडिलांनी बोंगो आणला तेव्हाही तो परकाच होता. नवा आवाज शोधणं हाच या घराण्याचा धर्म. फरक इतकाच की बोंगोला वाजवणारा लागतो आणि यंत्राला एकदा वाजवून ठेवलेलं पुरतं.

हीच गोष्ट खानदेशाच्या रस्त्यावर थोड्या उशिराने घडली. बँडची जागा डीजेच्या गाडीने घेतली. लग्नाच्या बँडचा अभ्यास करणारे ग्रेगरी बूथ यांचं 'ब्रास बाजा' २००५ मध्ये आलं आणि मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या आठवणी टिपणारं 'बिहाइंड द कर्टन' त्यानंतर तीन वर्षांनी. एकाच अभ्यासकाला हे दोन्ही विषय घ्यावेसे वाटले, कारण ते एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. मुंबईतल्या अनाम हाताने वाजवलेलं धुळ्यातल्या अनाम हाताने पुन्हा वाजवलं. पुढे २०१२ मध्ये रुद्रदीप भट्टाचार्य यांनी लॉर्ड घराण्यावर 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट केला. केर्सी २०१६ मध्ये गेले. हयातीत त्यांना आपली गोष्ट सांगता आली, हे भाग्य कितीकांच्या वाट्याला आलं नाही.

कोणी म्हणेल, मेहनताना मिळाला, आता नावाचा आग्रह कशाला? याचं उत्तर कायद्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला स्थानच नव्हतं. 'फॉर्च्युन फिल्म्स विरुद्ध देव आनंद' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपटातल्या अभिनयाला त्या कायद्याखाली स्वतंत्र संरक्षण नाही असा निर्वाळा दिला. पडद्यावरच्या नायकाची ही स्थिती, तर ड्रमवाल्याची काय कथा! १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या मानधनाचा वाटा आणि आपलं नाव लागण्याचा हक्कही आला. पण त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक परंतुक जोडलं. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रूढ पद्धतीत ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो सादरकर्ता मानला जाणार नाही. त्याच्या कामाचा विपर्यास रोखण्यापुरताच अपवाद ठेवला आहे.

स्टुडिओतला ढोलकीवाला 'आनुषंगिक' ठरतो का, यावर वकील वाद घालतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिसतं ते वेगळं. नाव न लावण्याची जुनी सवय हाच इथे हक्क नाकारण्याच्या निकषाचा एक भाग झाला आहे. आधी नाव लिहायचं नाही आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाही. मधल्या गोल कागदावरची ती रिकामी जागा साठ वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली.

आम्हा खानदेशकरांना नावाचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ओव्या रचत होत्या, गात होत्या आणि लिहायला त्यांना येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती घरोघरी पोहोचली. ते टिपण झालं नसतं तर त्याच ओव्या जात्यावर फिरत राहिल्या असत्या, 'पारंपरिक' या शिक्क्याखाली. पारंपरिक म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी गोष्टींच्या मागे असा एखादा न टिपलेला माणूस उभा असतो.

म्हणून हे काम आता आपल्याकडेच आहे. लॉर्ड पिता-पुत्र, दत्ताराम यांच्याबद्दल निदान लिहिलं-बोललं गेलं. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथल्या बँडमध्ये पन्नास वर्षं वाजवलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे बिदागीच्या वह्या आहेत, मिरवणुकीचे फोटो आहेत, आणि कोणतं गाणं कोणत्या सालात वरातीत आलं याची पक्की स्मृती आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांना मी सुटीचं काम म्हणून एक साधी वही दिली. वादकाचं नाव, गाव, वाद्य, गुरू, पहिलं वाजवलेलं गाणं, असे पाच रकाने. परत आलेल्या वह्यांमध्ये 'गुरू' या रकान्यात एकच शब्द सर्वांत जास्त वेळा लिहिलेला आहे : रेडिओ. त्या रेडिओत वाजवणारा कोण होता, हे त्या शब्दाशेजारी लिहिणं उरलं आहे.