धनकुल आणि जलऑर्गन : वाद्यांचा आवाज कसा टिकतो?

भिलाई (छत्तीसगढ) : पोलादनगरी भिलाई येथील लोककलावंत रिखी क्षत्रिय यांनी छत्तीसगढमधील दुर्मीळ लोकवाद्यांचा संग्रह उभारला असून, ही वाद्ये ते रंगमंचावर वाजवूनही दाखवतात. २०२१ च्या प्रजासत्ताक दिन संचलनात छत्तीसगढच्या चित्ररथाचा विषय लोकवाद्ये हाच होता. चित्ररथाच्या अग्रभागी बस्तरचे धनकुल वाजवणारी स्त्री साकारण्यात आली होती.

धनकुलची रचना साधी आहे. मडक्याच्या तोंडावर सूप ठेवून त्यावर धनुष्याचे एक टोक टेकवतात. एका हाताने दोरी छेडली जाते, दुसऱ्या हाताने दांडीवरील खाचांवर बांबूची काडी घासली जाते. ‘जगार’ या कथागायनात ‘गुरुमाय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायिका ते वाजवतात.

ग्रीकांचे जलऑर्गन इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने घडवले. पंपाने भरलेल्या हवेचा दाब पाण्याच्या भाराने स्थिर राखून त्यातील नळ्या वाजवल्या जात. हे वाद्य शतकानुशतके मूक होते. तथापि १९९२ मध्ये ग्रीसमधील डिओन येथे सापडलेले धातूचे अवशेष आणि हेरॉन व व्हिट्रुव्हियस यांची लेखी वर्णने यांच्या आधारे त्याची वाजणारी प्रतिकृती तयार करता आली.

धनकुलला असा आधार नाही. सूप, बांबू, दोरी नष्ट होतात. उरलेले खापर कधीकाळी वाद्याचा भाग होते, हे उत्खननात ओळखता येणार नाही. त्यामुळे संग्रहाइतकीच त्याला वादन शिकणाऱ्या नव्या हातांची गरज आहे.