काश्मीरचा नीलम : गुण, दोष आणि मूल्य

प्रस्तावना

नवरत्नांमध्ये नीलमाला प्राचीन काळापासून मानाचे स्थान आहे. तथापि त्याच्या रंगाचा जो सर्वोच्च मानदंड आज जगभरच्या रत्नबाजारात मानला जातो, तो एकोणिसाव्या शतकात हिमालयातील एका खाणीच्या अल्पकाळ चाललेल्या उत्खननातून निर्माण झाला. रत्नाचे गुणधर्म निसर्गदत्त असले, तरी त्यांपैकी कोणता गुण आणि कोणता दोष, हे इतिहास ठरवितो. या विधानाची पडताळणी काश्मिरी नीलमाच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रत्नाचे स्वरूप

नीलम हा कुरुंद या खनिजाचा, म्हणजेच स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक प्रकार होय. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. लोह व टिटॅनियम यांच्या अल्पांशाने त्याला निळा रंग येतो, तर क्रोमियममुळे तोच माणिक बनतो. मोह यांच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक ९ असून त्यावर केवळ हिरा आहे. त्यामुळे रोजच्या वापरातील अंगठीतही त्याची झिलई दीर्घकाळ टिकते.

भारतीय रत्नशास्त्राला हा इंद्रनील सुपरिचित होता. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’त तसेच गरुडपुराणात त्याचे विवेचन आढळते आणि त्याचे उत्पत्तिस्थान म्हणून सिंहलद्वीपाचा निर्देश येतो. गरुडपुराणातील दोषांच्या यादीत अभ्रकाच्या पटलासारख्या छायेचाही समावेश आहे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे.

पाडरची खाण

इ. स. १८८१ च्या सुमारास जम्मू-काश्मीर संस्थानातील पाडर भागात, सुमजाम या गावाच्या वरच्या अंगाला दरड कोसळून निळे स्फटिक उघडे पडले. हे ठिकाण झांस्कर पर्वतरांगेत सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. मोल न कळल्याने हे खडे प्रथम मिठाच्या मोबदल्यात दिले गेले, अशी हकिकत सांगितली जाते. ते खडे नीलम आहेत हे लक्षात येताच महाराजा रणबीर सिंह यांनी खाणीवर पहारा बसवून ती दरबारच्या ताब्यात घेतली.

बर्फामुळे वर्षातून जेमतेम तीन महिने काम करता येई. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे ला टूश यांनी १८८७ मध्ये येथे पाहणी केली, तेव्हा मूळ खाण जवळजवळ रिकामी झाली होती. विसाव्या शतकात वेळोवेळी खोदकाम झाले. परंतु आरंभीच्या वर्षांतील उत्पादनाची सर त्याला आली नाही.

दोषाचा गुण

काश्मिरी नीलमाचा रंग मखमली म्हणून वाखाणला जातो. त्याचे कारण असे की, स्फटिकातील अतिसूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे पारदर्शकता किंचित मंदावते. मात्र निळाई खड्याभर पसरते आणि दिव्याच्या प्रकाशातही काळवंडत नाही. ज्या धूसर छायेकडे प्राचीन परीक्षक दोष म्हणून पाहत, तिचाच एक अतिसूक्ष्म प्रकार येथे सर्वोच्च गुण ठरला.

या मूल्यनिर्णयाला विसाव्या शतकातील तंत्रज्ञानाने अधिक बळ दिले. व्हर्न्युई यांनी १९०२ मध्ये ज्वालापद्धतीने कृत्रिम माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली व काही वर्षांतच कृत्रिम नीलमही तयार होऊ लागला. १९७० च्या दशकापासून श्रीलंकेतील ‘गेउडा’ नावाचे दुधट खडे थायलंडमध्ये तापवून निळे करण्यात येऊ लागले. रासायनिक घटना आणि रंग दोन्ही मनुष्याच्या हाती आल्यावर खड्याचे उगमस्थान व त्याची अप्रक्रियित अवस्था हेच किमतीचे आधार बनले. २०१५ मध्ये हाँगकाँग येथील लिलावात २७.६८ कॅरटच्या काश्मिरी नीलमाला सुमारे ६७ लाख डॉलर मिळाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नीलमाचे आकर्षण केवळ कठिणता, झळाळी किंवा रंग यांत सामावलेले नाही. दुर्मीळता, राजसत्तेचे नियंत्रण आणि परीक्षकांची बदलती दृष्टी यांनी त्याचे मूल्य घडविले. ‘काश्मिरी’ हे स्थलनाम गुणवाचक झाले आणि त्या नावाची किंमत जुन्या खड्यांबरोबर दूरच्या बाजारपेठांत फिरत राहिली. ज्या डोंगराळ वस्तीने ते खडे प्रथम हाताळले, तिच्या वाट्याला मात्र त्या हकिकतीनुसार मीठच आले. रत्नांचा इतिहास लिहिताना दागिन्यांबरोबरच या असमान विनिमयाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.